मॅन पेजेसची वेब पानं केली, पण पानावरून कॉपी केलेली कमांड चालतच नाही

लॅबमास्तर | रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज अडल्यावर पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी तालुक्याच्या गावी डिप्लोमाच्या पोरांना लिनक्स शिकवतो. लॅबमध्ये उबंटू २२.०४ आहे, नेट आहे म्हणायला आहे, पावसाळ्यात तेही नाही. पोरांना काही अडलं की मी म्हणतो मॅन पेज (म्हणजे मशीनवरच असलेलं त्या कमांडच्या माहितीचं पान) बघ. आता मॅन पेज उघडलं की काळ्या पडद्यावर भिंतीसारखा मजकूर येतो आणि पोरगं दोन मिनिटांनी हात वर करतं, "सर, मशीन हँग झालं". हँग कसलं, क्यू दाबून बाहेर पडायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. शिवाय सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहे, पडद्यावर बोटाने सरकवून वाचायची सवय, वर-खालीचे बाण दाबत वाचा म्हटलं की कंटाळतात.

म्हणून ठरवलं की लॅबच्या सर्व्हरवर सगळ्या मॅन पेजेसची साधी वेब पानं करून ठेवायची, वायफायवरून मोबाईलमध्ये पण दिसतील, आणि महत्त्वाच्या कमांडखाली मी मराठीत दोन-चार ओळी टाकेन. ग्रॉफला (मॅन पेजच्या सोर्सवरून वाचायचं पान तयार करणारा प्रोग्रॅम) वजा टी एचटीएमएल देऊन एक लूप चालवला, रात्रीत हजारो पानं तयार. मी खूश.

शुक्रवारी प्रॅक्टिकलला एका पोरीने एलएसच्या (फाईलींची यादी दाखवणाऱ्या कमांडच्या) पानावरून वजा एल हा ऑप्शन कॉपी करून टर्मिनलमध्ये चिकटवलं तर एलएस म्हणतं 'वजा एल' नावाची फाईलच सापडत नाही. तीच कमांड हाताने टाइप केली की चालते! दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून बघितल्या, डोळ्याला सारख्याच दिसतात. तीन तास घालवले, कीबोर्ड बदलला, मशीन बदललं. भुताटकी आहे का काय?

आणखी दोन तक्रारी. एक म्हणजे टेबलं कुठे चित्र म्हणून येतात तर कुठे येतच नाहीत. दुसरं, शेवटी जी 'हेही बघा'ची यादी असते त्यातल्या नावांवर टिचकी मारून काही होत नाही.

ता.क. कमांड सगळ्या देवनागरीत लिहितोय, मोबाईलवर दर शब्दाला कीबोर्ड बदलायचा वैताग येतो. समजून घ्या.

चहाबाज_कोडर | रविवार, रात्री ११:०५

मास्तर, कशाला एवढा उपद्व्याप? मॅनसेव्हनच्या साइटवर सगळं तयार आहे, डेबियनची पण मॅनपेजेसची वेगळी साइट आहे. पोरांना लिंक द्या आणि झोपा निवांत.

लॅबमास्तर | रविवार, रात्री ११:१९

@चहाबाज, नेट असतं तर झोपलो असतो हो. दुसरं म्हणजे तिथली पानं नव्या आवृत्तीची, आमची मशिनं २२.०४ वर. मागच्या वर्षी एका पोराने साइटवर बघून एक ऑप्शन दिला जो आमच्या मशीनवरच्या आवृत्तीत आलेलाच नव्हता, आणि ते पोर स्वतःलाच ढ समजून बसलं. मशीनवर जे आहे त्याचंच पान पाहिजे.

कऱ्हाडची_लेक | सोमवार, सकाळी ७:३०

सर, भुताटकी नाहीये, ती रेघ वेगळी आहे. दोन्ही ओळी एक्सएक्सडीमधून (मजकुराचे बाइट दाखवणारी कमांड) काढून बघा. हाताने टाइप केलेल्या रेघेचा एकच बाइट असेल, २डी. पानावरून आलेल्या रेघेचे तीन बाइट असतील, ई२ ८८ ९२. ते गणितातलं वजाचं चिन्ह आहे, युनिकोडमधलं २२१२ नंबरचं. दिसायला सारखंच, पण एलएसच्या लेखी ती रेघ म्हणजे कुठलंही एखादं अक्षर, त्यामुळे ते ऑप्शन न समजता फाईलचं नाव समजतं. तुमच्या पानाचा सोर्स उघडा, तिथे अँपरसँड मायनस (वजाच्या चिन्हाचा एचटीएमएल कोड) असं लिहिलेलं सापडेल.

लॅबमास्तर | सोमवार, सकाळी ८:१२

च्यायला! ई२ ८८ ९२. अगदी हेच आलं. दंडवत घ्या ताई.

पण मग टर्मिनलवरच्या मॅन पेजमधून कॉपी केलं तर चालतं ते कसं? सोर्स तर तोच आहे ना? आणि हा शहाणपणा ग्रॉफला कुणी सांगितला होता, आमची वजाची रेघ बदलायचा?

जुना_टेलेटाइप | सोमवार, सकाळी ९:४०

शहाणपणा नाही मास्तर, ग्रॉफने आपलं खरं काम केलंय. ते काम काय हे कळायला जरा मागे जावं लागेल. मी निवृत्त माणूस, वेळच वेळ आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबेल.

युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेलं. त्यातच नाव, सारांश, वर्णन, फाईली, हेही बघा असे मथळे होते, आणि 'बग्ज' हा मथळा पण पहिल्यापासून. आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका आपल्याच मॅन्युअलात छापायच्या, हे मला आजही फार आवडतं. आता गंमत बघा, या लोकांना पीडीपी-११ मशीन मिळालं ते ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला नव्हे, कंपनीच्या पेटंट विभागाला मजकूर छापायची सोय करून देतो असं सांगून. म्हणजे छपाई हा युनिक्सचा जोडधंदा नव्हे, पोटापाण्याचा धंदा.

त्या छपाईसाठी आधी रॉफ, मग जो ओसाना यांनी लिहिलेले एनरॉफ आणि ट्रॉफ. एनरॉफ टेलेटाइप आणि टर्मिनलसाठी, ट्रॉफ फोटो टाइपसेटरसाठी, म्हणजे जिथून पुस्तकासारखी पानं निघतात ते यंत्र. ओसाना १९७७ साली गेले, पुढे ब्रायन कर्निगन यांनी ट्रॉफ कुठल्याही यंत्रावर चालेल असा नव्याने लिहिला. आज तुम्ही वापरता तो ग्रॉफ म्हणजे त्याचाच ग्नू अवतार, १९९० साली जेम्स क्लार्क यांनी केलेला.

आता छापखान्यातल्या माणसाला विचारा, तो सांगेल की रेघ एक नसते. शब्द जोडायची आखूड रेघ वेगळी, वजाबाकीची वेगळी, वाक्य तोडायची लांब रेघ आणखी वेगळी, खिळेच वेगवेगळे असतात. ट्रॉफमध्ये नुसतं - लिहिलं की शब्दजोडाची रेघ आणि \- लिहिलं की वजाची रेघ. कीबोर्डवरची सगळ्या कामाला चालणारी एकच रेघ ही त्या जगात नव्हतीच. मॅन पेज लिहिणाऱ्यांनी ऑप्शनसाठी \- वापरायची पद्धत पाडली आणि ग्रॉफने तुमच्या वेब पानात इमानेइतबारे वजाचा खिळा बसवला.

कऱ्हाडची_लेक | सोमवार, सकाळी १०:०२

काकांचं अगदी बरोबर. आणि टर्मिनलवर का चालतं याचं उत्तर असं की ग्रॉफच्या मॅन मॅक्रोच्या फाईलीत युटीएफ-८ टर्मिनलसाठी एक पळवाट ठेवलेली होती, "लोक कॉपी-पेस्ट करतात, म्हणून या रेघा साध्या रेघेत बदला" अशी. एचटीएमएलसाठी ती लावलेलीच नाही, म्हणून २२.०४ वरच्या ग्रॉफने तुमच्या पानात खरं वजाचं चिन्ह टाकलं.

जुलै २०२३ ला ग्रॉफ १.२३ आला त्यात त्यांनी टर्मिनलसाठीची पळवाटही काढून टाकली, की ज्याने त्याने सोर्समध्ये नीट लिहावं. त्यावरून बराच आरडाओरडा झाला, डेबियनने आपल्याकडे ती परत घातली. तत्त्व म्हणून ग्रॉफवाले बरोबर असतीलही, पण पन्नास वर्षांची पानं कोण दुरुस्त करत बसणार? हे माझं वैयक्तिक मत.

सह्याद्रीतला_पेंग्विन | सोमवार, दुपारी १:१५

+१. आणि उलटं सुलटं अवतरण चिन्ह पण बघा, तिथेही हीच बोंब. शेलच्या स्क्रिप्टमधलं साधं अवतरण चिन्ह पानावर वळणदार होऊन येतं आणि कॉपी केलं की शेल त्याला अवतरण चिन्ह समजतच नाही. वाखु (वाचनखूण) साठवली.

चहाबाज_कोडर | सोमवार, दुपारी १:३०

मग सोप्पंय की, एचटीएमएल नको. मॅनचं आउटपुट जसं पडद्यावर दिसतं तसंच्या तसं फाईलीत घ्या, प्री टॅगमध्ये (मजकूर जसाच्या तसा दाखवणारा एचटीएमएल टॅग) कोंबा, काम खल्लास. रेघा पण बरोबर येतील.

जुना_टेलेटाइप | सोमवार, दुपारी ३:५०

@चहाबाज, हा रस्ता जुना आहे, अर्ल हूड यांची मॅन-टू-एचटीएमएल नावाची पर्ल स्क्रिप्ट नव्वदच्या दशकात हेच करायची, वेबवरची कितीतरी जुनी पानं त्यातून निघालेली आहेत. पण ते वाटतं तेवढं सोपं नाही.

तुमच्यापैकी कुणी टायपिंगचा क्लास केला आहे का? आमच्या वेळी शासकीय परीक्षेला मराठी ३० शब्दांचा स्पीड काढायला पोरं सकाळी सहाला मशीनवर बसायची. त्या मशीनवर अक्षर ठळक करायचं तर बॅकस्पेस मारून तेच अक्षर पुन्हा त्याच जागी ठोकायचं, अधोरेखित करायचं तर बॅकस्पेस मारून खाली रेघ. एनरॉफने टेलेटाइपसाठी नेमकी हीच युक्ती वापरली. 'न' ठळक पाहिजे तर न, बॅकस्पेस, न. फाईलीत हे सगळं तसंच पडलेलं असतं, म्हणून मॅनचं आउटपुट कॉल वजा बी मधून गाळून घ्यायची जुनी सवय आहे. अर्ल हूड यांची स्क्रिप्ट एवढंच करायची की असा दुहेरी ठोका दिसला की बोल्डचा टॅग लावायची.

पुढे ग्रॉफने टर्मिनलच्या रंगांचे कोड वापरायला सुरुवात केली, त्यामुळे जुन्या स्क्रिप्टला आज तसं आउटपुट दिलं तर पानभर चौकटी कंस आणि १एम असा कचरा दिसतो. आणि आजचं मॅन पाइपमध्ये घातलं की ठळक-बिळक सगळं काढूनच टाकतं, ते ठेवायला मॅन कीप फॉरमॅटिंग नावाचं व्हेरिएबल लावावं लागतं. एवढं करून हाती काय, तर ८० अक्षरांवर तोडलेल्या ओळी, ज्या मोबाईलवर आडव्या सरकवत वाचायच्या.

कान_हेच_डोळे | सोमवार, संध्याकाळी ६:२०

मी स्क्रीन रीडर वापरतो, त्यामुळे या धाग्यात माझा जरा जास्तच जीव आहे, दोन शब्द बोलतो.

प्री टॅगमध्ये कोंबलेलं पान मला एकच सलग ढीग म्हणून ऐकू येतं. मथळाच नसतो. नीट एचटीएमएल असेल तर मी एच दाबत मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारतो, टी दाबून टेबलावर जातो, ऑप्शन्स कुठे सुरू होतात हे दोन सेकंदात सापडतं. प्री असेल तर पहिल्या ओळीपासून ऐकत बसा. त्यात टर्मिनलसाठी ओळ तोडताना शब्दाचे दोन तुकडे केलेले असतात, मध्ये रेघ, आणि पुढच्या ओळीआधी सात स्पेस. ऐकताना असं वाटतं की कुणी उचकी लागलेला माणूस वाचतोय.

आणि सरांनी लिहिलं ना की टेबलं चित्र होऊन येतात, ते तर सगळ्यात वाईट. चित्र म्हणजे माझ्यासाठी फक्त "ग्राफिक" एवढा एक शब्द. अ‍ॅस्कीचं अख्खं टेबल आणि मला ऐकू काय येणार, ग्राफिक! तर सर, करताय तर नीट करा, तुमच्या वर्गात आज माझ्यासारखा कुणी नसेल, पुढच्या वर्षी असेल.

लॅबमास्तर | सोमवार, संध्याकाळी ७:०५

@कान_हेच_डोळे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, खरंच आभारी आहे. प्रीचा विषय माझ्यापुरता संपला.

पण ग्रॉफ टेबलाचं चित्र का करतो म्हणे? टेबलाचा टॅग एचटीएमएलमध्ये कितीतरी वर्षांपासून आहे की.

बर्लिनचा_बाळू | सोमवार, रात्री ११:५५

इथे अजून साडेआठ वाजलेत म्हणून लिहितो, तिकडे झोपला असाल.

मास्तर, ग्रॉफमध्ये टेबल हे टीबीएल नावाचा वेगळा प्रोग्रॅम आधी सोडवतो आणि ग्रॉफच्या हातात येईपर्यंत त्याचं टेबलपण गेलेलं असतं, उरतात त्या नुसत्या "इतकं सरक, इथे रेघ मार" अशा आज्ञा. त्यातून परत टेबल ओळखणं अवघड, म्हणून त्यांनी सरळ पान रंगवून त्याचा फोटो काढायचा मार्ग धरला. त्या फोटोसाठी घोस्टस्क्रिप्ट आणि नेटपीबीएम लागतं, ते मशीनवर नसलं की चित्रही येत नाही. तुमच्या गायब टेबलांचं बहुतेक हेच कारण असणार.

ग्रॉफ सोडा. मॅनडॉक घ्या, मॅन पेजची पानं करणारा दुसरा प्रोग्रॅम. क्रिस्टॅप्स जॉन्सन्स यांनी २००८ मध्ये सुरू केला, ओपनबीएसडीवाले (बीएसडी म्हणजे बर्कलीहून आलेली युनिक्सची शाखा) आपली मॅन पेजेस त्यावरच चालवतात, इंगो श्वार्त्झे सांभाळतात. डेबियनची जी साइट चहाबाज म्हणाले तिच्या पोटात पण हाच आहे, ती साइट २०१७ मध्ये मिखाएल श्टापेलबर्ग यांनी गो भाषेत नव्याने लिहिली आणि रूपांतराचं काम मॅनडॉकवर सोपवलं. फरक असा की मॅनडॉक आधी पान कुठल्या यंत्रावर छापायचं याचा विचारच करत नाही. सोर्स वाचून त्याचं झाड करतो, हा मथळा, हा परिच्छेद, ही ऑप्शनांची यादी, हे टेबल, आणि मग त्या झाडावरून थेट टॅग काढतो. टेबलाचं खरं टेबल येतं. \- ची साधी २डी येते. मथळ्यांना आयडी येतात, म्हणजे "या पानाच्या या मथळ्यावर ये" अशी लिंक पोरांना देता येते.

उबंटूत मॅनडॉक नावाचंच पॅकेज आहे. वजा टी एचटीएमएल, आणि वजा ओ ने स्टाइलची सीएसएस फाईल. मॅन फोल्डरच्या मुळाशी उभं राहून चालवा, नाहीतर जी पानं म्हणजे नुसती "त्या दुसऱ्या पानावर जा" अशी एका ओळीची असतात ती फसतात.

लॅबमास्तर | मंगळवार, रात्री ९:३०

बाळूशेठ, लाख लाख धन्यवाद. सगळं पुन्हा काढलं. तीच पोरगी, तेच एलएसचं पान, कॉपी, पेस्ट, चाललं! वर्गात टाळ्या पडल्या हो. अ‍ॅस्कीचं टेबल पण खरं टेबल म्हणून आलं, मोबाईलवर नीट दिसतंय.

लिंका मात्र अजून नाहीत. मॅनडॉकला लिंक करायचा ऑप्शन आहे असं त्याच्या मॅन पेजात वाचलं (हो, आता वाचायला लागलो), तो लावला, काही पानांवर लिंका आल्या, पण लिनक्सच्या बहुतेक पानांवर नाहीत. असा दुजाभाव का?

कऱ्हाडची_लेक | मंगळवार, रात्री १०:१०

कारण मॅन पेज लिहायच्या दोन बोली आहेत सर. बीएसडीकडची एमडॉक, बर्कलीत सिंथिया लिव्हिंग्स्टन यांनी आणलेली, तिच्यात लेखक अर्थ सांगतो. हा ऑप्शन, हे फाईलीचं नाव, ही दुसऱ्या पानाची लिंक, प्रत्येकाला वेगळी खूण. लिनक्सकडे बहुतेक पानं जुन्या मॅन बोलीत आहेत, ज्यात लेखक फक्त दिसणं सांगतो. डॉट बी म्हणजे ठळक कर. आता ठळक कशाला केलं? कमांड आहे, ऑप्शन आहे की लेखकाला आवडलं म्हणून? मॅनडॉकला कसं कळणार? प्रिंटएफ ठळक आणि पुढे कंसात ३, हे वाचून तुम्हाला-मला कळतं की हे दुसरं पान आहे, सोर्समध्ये तसं कुठेच लिहिलेलं नाही.

मग ओळखावं लागतं. मी ऑफिसात एका कामासाठी दहा-बारा ओळींची पर्ल लिहिली होती, नियम असा की ठळक किंवा तिरक्या शब्दाला चिकटून कंसात १ ते ८ आकडा असेल आणि त्या नावाची फाईल खरंच आपल्याकडे असेल, तरच लिंक करायची. दुसरी अट विसरू नका, नाहीतर गणिताच्या पानांवर एफ कंसात २ ची पण लिंक होते. आणि फाईलीच्या नावात सेक्शनचा (मॅन्युअलच्या विभागाचा) आकडा ठेवाच, प्रिंटएफ १ ही शेलची कमांड आणि प्रिंटएफ ३ हे सी मधलं फंक्शन, आकडा नसेल तर एक दुसऱ्याला खाऊन टाकेल.

सह्याद्रीतला_पेंग्विन | मंगळवार, रात्री १०:३५

अवांतर: आमच्या टीममधल्या एका नवीन पोराने हेच काम डॉकरच्या उबंटू इमेजमध्ये (म्हणजे तयार छोट्या उबंटूच्या डब्यात) करायला घेतलं आणि दोन तास "लूपमध्ये चूक आहे" म्हणत बसला. इमेज लहान ठेवायला त्यात मॅन पेजेस टाकतच नाहीत! रिकाम्या फोल्डरचं रूपांतर चाललं होतं.

चहाबाज_कोडर | मंगळवार, रात्री १०:४१

अति अवांतर: तो पोरगा मीच होतो. पुढे बोला.

लॅबमास्तर | गुरुवार, रात्री १०:००

पर्लने लिंका झाल्या. आता मराठी टिपांचं सांगतो.

मॅनडॉकला वजा ओ फ्रॅगमेंट दिलं की तो वरचा डोक्याचा भाग न देता फक्त आतला मजकूर देतो, तो मी माझ्या साच्यात बसवतो, आणि शेजारी त्याच नावाची मराठी फाईल असेल तर ती वर डकवतो. एकूण ४० टिपा झाल्यात. फाईल पुसणाऱ्या आरएमवर लिहिलंय, "आरएम केलं की गेलं, इथे कचरापेटी नाही. एंटर मारायच्या आधी ओळ पुन्हा वाच." किलवर लिहिलंय की नावाला घाबरू नको, हे मुळात निरोप पाठवायचं काम आहे, फक्त बरेचसे निरोप 'आता बंद हो' असे असतात.

आधी सगळ्या पानांचं मशीनकडून भाषांतर करून बघितलं होतं, पण आर्ग्युमेंटचा (कमांडपुढे जे लिहून देतो त्याचा) 'युक्तिवाद' झाला तेव्हा तो नाद सोडला. "एलएसला दोन युक्तिवाद द्या" हे वर्गात वाचून दाखवलं तर पोरं आठवडाभर तेच बोलत होती.

आणखी एक, पानांची अनुक्रमणिका करायला वेगळं काही करावं लागलं नाही. प्रत्येक पानाच्या 'नाव' या मथळ्याखाली नाव, रेघ, एका ओळीत काम असं ठरलेल्या पद्धतीने असतं, मॅन वजा के (शब्दावरून पान शोधायची कमांड) त्याच्यावरच चालतं, तीच यादी घेऊन पान केलं.

कान_हेच_डोळे | गुरुवार, रात्री १०:४८

सर, मराठी टिपेच्या चौकटीला एचटीएमएलमधली लँग ही भाषेची खूण एमआर अशी लावा आणि पानाला इंग्रजीचं ईएन. माझ्या मशीनवर ईस्पीकचा मराठी आवाज आहे, तो खूण बघून आपोआप बदलतो. खूण नसेल तर इंग्रजी आवाज मराठी वाचायला जातो किंवा उलटं, आणि दोन्ही ऐकवत नाही.

बाकी टर्मिनलमध्ये देवनागरीचे काने-मात्रे कुठेही भटकतात असं डोळस मित्र सांगतात, तेव्हा मराठीसाठी ब्राउझरच बरा असं दिसतंय.

लॅबमास्तर | गुरुवार, रात्री १०:५५

लावलं. दोन मिनिटांचं काम होतं.

लॅबमास्तर | पुढचा मंगळवार, रात्री ९:१५

धागा वर काढतोय, नवीन भानगड.

पोरांनी पानं घरी न्यायला पेन ड्राइव्ह आणले. कॉपी करताना पर्लच्या पानांवर एकामागून एक चुका. कारण सापडलं, पर्लच्या मॉड्यूलच्या नावात दोन दोन कोलन असतात आणि पेन ड्राइव्हच्या फॅट नावाच्या फाईल-पद्धतीला फाईलीच्या नावात कोलन चालत नाही. शिवाय एक्झिटच्या दोन फाईली आहेत, एक लहान ई ची आणि एक मोठ्या ई ची, लिनक्सवर त्या वेगळ्या, विंडोजवर एकच. पर्लची सगळी पानं वगळली, डिप्लोमाला कोण पर्ल करतंय, आणि मोठ्या ई ची लिंक लहानवर वळवली.

बर्लिनचा_बाळू | पुढचा मंगळवार, रात्री ११:४०

पर्ल वगळलं म्हणताय आणि लिंका केल्या कशाने, पर्लने! कृतघ्न माणूस :)

मास्तर, एक करून बघा. मॅनडॉकला वजा टी लिंट द्या, तो रूपांतर न करता सोर्समधल्या चुका दाखवतो. आपल्या मशीनवरच्या पानांत केवढा कचरा आहे बघून घाम फुटेल.

लॅबमास्तर | पुढचा शुक्रवार, रात्री ८:५०

घाम फुटला. पण त्यातून एक मस्त गोष्ट निघाली.

सेकंड इयरच्या एका पोराने तक्रार आणली की एका छोट्या प्रोग्रॅमच्या पानावर वाक्य अर्धंच आहे, "या ऑप्शनला पुढीलपैकी एक किंमत द्या" आणि पुढे एकदम दुसराच परिच्छेद. मी म्हटलं माझ्या साच्यात काही गळलं. टर्मिनलवर मॅन उघडलं तर तिथेही ती ओळ नाही! मग लिंट चालवला, त्याने त्या जागी "अनोळखी मॅक्रो" म्हणून बोट ठेवलं. सोर्स उघडला तर किमतींची ओळ तिथे आहे, पण ती सुरू होते एकेरी अवतरण चिन्हाने. ट्रॉफमध्ये ओळीच्या सुरुवातीला टिंब किंवा एकेरी अवतरण आलं की ती आज्ञा समजली जाते, अशी आज्ञा नसली तर अख्खी ओळ गुपचूप गिळली जाते. लेखकाला पत्ताच नाही की आपली ओळ आजवर कुणाला दिसलेली नाही.

जुना_टेलेटाइप | पुढचा शुक्रवार, रात्री ९:२०

ओळीच्या आधी \& घाला. त्याची रुंदी शून्य, छापत काहीच नाही, पण अवतरण चिन्ह ओळीचं पहिलं अक्षर राहत नाही. आम्ही हा मार खाल्लेला आहे, डॉट मॅट्रिक्सवर दीडशे पानं छापून झाल्यावर.

लॅबमास्तर | पुढचा शुक्रवार, रात्री १०:०५

काका, तेच केलं आणि ओळ आली. पोराला म्हटलं आता हा बदल त्या प्रोग्रॅमच्या लेखकांना पाठव. त्याने आयुष्यात पहिल्यांदा पॅच केला, दोन अक्षरांचा, आणि त्याच्याबरोबर पाठवायची इंग्रजी ईमेल लिहायला मात्र आम्हा दोघांना पाऊण तास लागला. आत्ताच पाठवली. उत्तर आलं की इथे टाकतो.

बाळूशेठ, लिंटमध्ये अजून बारा ठिकाणी हाच "अनोळखी मॅक्रो" दिसतोय, त्यातली चार तरी अवतरणाची असावीत. उद्या बाकीच्या पोरांना वाटून देतोय.